काटा

होटगी रोडच्या त्या बंगल्यात
चपला पायरीवर काढून आम्ही उभ्या राहिलो, आई आणि मी.
कल्याणशेट्टी बाईंनी टोपलीवरचा टॉवेल उचलला.
टॉवेल आमच्याच कारखान्यातला,
कडेची निळी पट्टी मी लांबूनच ओळखली,
असे चारशे रोज मोजून बांधते.
त्याखाली तीन पिल्लं,
पिंजलेल्या कापसाला डोळे फुटावेत तशी.

"टॉय ब्रीड आहे," बाई म्हणाल्या,
"आत्ता आहे त्याच्या दुप्पट, बस्स. पुढे वाढत नाही."

आईने माझ्याकडे बघितलं.
"वाढत नाही म्हणजे?
आजारी आहे काय की?"

तिला काय सांगणार,
मला तेच तर हवंय.
नागेश वाढला, भिवंडीला गेला.
अंजम्मा वाढली, सुरतेला दिली.
दारातला कडुनिंब वाढला,
तारेला लागतो म्हणून कुणीतरी बुंध्यातून नेला.
रात्री मोबाइलवर मी बघत पडायचे:
कपात बसलेलं पिल्लू, पर्समधून डोकावणारं,
त्याची बोराएवढी जांभई.
बघता बघता माझ्या हाताची ओंजळ व्हायची,
मग लाजून मी कूस बदलायचे.

बारा हजार.
आईचा हिशोब विड्यांत चालतो.
हजार विड्या म्हणजे एक दिवस, एक पाठ, एक मान,
त्यातही संध्याकाळी छाट निघते ती वेगळी.
सूप समोर नसलं तरी तिची बोटं वळत असतात.
तशीच ती वळली, थांबली.
"साठ दिवस," ती तेलुगूत पुटपुटली,
"माझे साठ दिवस शेपूट हलवायलेत."

मागच्या जाळीच्या दाराआडून
पिल्लांची आई बघत होती.
पोटाखाली लोंबलेली कातडी,
डोळ्यांतून नाकापर्यंत वाळलेल्या तपकिरी रेघा.
"हिची कितवी खेप?" आईने विचारलं.
"थंड पाणी घेता का?" बाई म्हणाल्या.

आई जाळीपाशी जाऊन उकिडवी बसली.
दोघींचं काय झालं मला माहीत नाही,
मी नोटा मोजत होते, पाचशेच्या चोवीस, दोनदा.
गुडघ्यावर हात रेटून उठताना ती एवढंच म्हणाली,
"हिला सांगून न्यायला पाहिजे."
मग बाईंच्या देखत,
त्या जाळीला तोंड लावून,
सांगितलंही. काय, ते ऐकू आलं नाही.

विडी घरकुलपर्यंत रिक्षात पिल्लू माझ्या ओढणीत.
एप्रिलचं ऊन सीटच्या रेक्झिनमधून वर येत होतं.
मी बाटलीतलं पाणी ओढणीवर ओतलं,
आईने पदर धरला, उन्हाच्या बाजूने,
आणि बाहेर बघत राहिली.

कागदावर नाव होतं प्रिन्सेस.
जिना चढेपर्यंत चिन्नी झालं.
तंबाखूच्या भुकटीने ती शिंकते,
म्हणून चाळीस वर्षांचं सूप दाराबाहेर गेलं,
आई तिथे पायरीवर बसून वळते.
पाणी येतं चार दिवसांनी,
तरी एक तांब्या झाकून वेगळा.
आणि मी कामावर गेले की
दुधात कुस्करलेली कडक भाकरी, वर शेंगांचा कूट.
डॉक्टर नको म्हणालेत, मी ओरडते.
"डॉक्टरला काय कळतंय," ती म्हणते,
"उपाशी ठेवल्यावर कोण वाढेल?"

महिना भरला की
पानं आणायच्या पिशवीत घालून ती चिन्नीला नेते
ब्रँचवर, तंबाखूच्या काट्यावर बसवते.
दोन किलो शंभर.
पुढच्या महिन्यात, दोन किलो शंभर.
रांगेतल्या बायका हसतात,
मल्लव्वा म्हणते, "छाटीत काढा हिला."
चिन्नी पारड्यात बसून
सगळ्यांकडे आळीपाळीने बघते,
हलत नाही, जड दिसायचा प्रयत्न केल्यासारखी.

आई मुनिमाकडे बघते,
चाळीस वर्षं तोलून कमीच मिळालेल्या बाईसारखी.
"काटा खोटा आहे तुमचा," म्हणते.
"परत करा."